कोणतं पॅकेज कशासाठी: पॅकेज-गटांच्या प्रकल्प नोंदी

१ सप्टेंबर २०२५

डेबियन या लिनक्स प्रणालीची १३ वी आवृत्ती ऑगस्टच्या ९ तारखेला आली. आपली बहुतेक मशीन्स अजून १२ वर आहेत, थोडी फेडोरा या दुसऱ्या लिनक्सवर. अपग्रेडला हात घालण्याआधी पॅकेजचा (इन्स्टॉल केलेल्या सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यांचा) पसारा आवरायचा असं ठरलं, आणि तो कसा आवरायचा यावर आज बराच वेळ बोलणं झालं.

मशीनवर काय काय आहे याची यादी एका कमांडने निघते. ते का आहे हे मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. ज्याने इन्स्टॉल केलं त्याच्या डोक्यात ते असतं, आणि तो दुसऱ्या कामाला लागला की गेलं. मग कोणी काही काढायला धजत नाही आणि पसारा वाढत राहतो. माझं म्हणणं असं की हे 'का' पॅकेज मॅनेजरलाच (पॅकेजेस आणणाऱ्या-काढणाऱ्या प्रोग्रॅमला) सांभाळू द्यावं. त्याची सोय त्यात आहे, आपण ती वापरत नाही इतकंच.

म्हणून ठरलेलं काम: मशीनच्या प्रत्येक भूमिकेसाठी एक गट, गट म्हणजे एक खरं पॅकेज, त्याला आवृत्ती, आणि बाकी सगळं त्या गटाच्या डिपेंडन्सी (त्याला लागणारी इतर पॅकेजेस) म्हणून आलेलं. सध्या डोळ्यांसमोर चार भूमिका आहेत: पाया, बांधणी, विश्लेषण, साठवण.

३ सप्टेंबर

बांधणीच्या एका मशीनपासून सुरुवात. डेबियनच्या पॅकेज मॅनेजरची, ॲप्टची, 'ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल' ही माणसाने मागितलेल्या पॅकेजेसची यादी देणारी कमांड चालवली. कल्पनेपेक्षा कितीतरी लांब यादी आली, आणि त्यात कोणीही कधी मागितली नसतील अशी नावं होती.

कारण सोपं आहे. ॲप्टच्या खाली काम करणाऱ्या डीपीकेजीच्या स्टेटस फाईलमध्ये पॅकेज आहे की नाही एवढंच असतं, कोणाच्या सांगण्यावरून आलं ते नसतं. ती नोंद ॲप्ट स्वतःच्या एक्सटेंडेड-स्टेट्स फाईलमध्ये ठेवतं: डिपेंडन्सी म्हणून आलेल्या पॅकेजपुढे 'ऑटो-इन्स्टॉल्ड' या शेऱ्यासमोर १. ज्याची तिथे नोंदच नाही ते सगळं 'माणसाने मागितलेलं' धरलं जातं. इन्स्टॉलर सुरुवातीची मूळ व्यवस्था डीबूटस्ट्रॅप या साधनाने उभी करतो, तेव्हा ही नोंद होत नाही. त्यामुळे मूळ व्यवस्थेतलं बरंचसं कायम 'मॅन्युअल' दिसतं. हाताने 'डीपीकेजी -आय' करून टाकलेलंही तसंच.

यादीत लायब्ररीची नावं दिसली की मी थांबून बघतो. लिबएसएसएल३ 'मॅन्युअल' होती. लायब्ररी कोणी स्वतःसाठी मागत नाही, तिच्यावर चालणारा प्रोग्रॅम मागतो. बहुधा कधीतरी कुठल्याशा सूचनांमधून पूर्ण ओळ उचलून चिकटवली गेली असणार. 'ॲप्टिट्यूड व्हाय' विचारलं तर ती कोणत्या साखळीने हवी आहे ते दिसलं, म्हणजे शेरा 'ऑटो' केला तरी ती जाणार नाही. 'ॲप्ट-मार्क ऑटो' केलं. अशा लायब्ररी एकेक बघूनच बदलल्या, सरसकट नाही. आपण स्वतः बांधलेले आणि पॅकेज न केलेले प्रोग्रॅम याच लायब्ररींवर चालत असू शकतात आणि ॲप्टला त्याची कल्पना नसते. बांधणीच्या मशीनवर असे दोन निघाले. त्यांच्या लायब्ररी गटाच्या डिपेंडन्सीत नावानिशी जातील, कारणासकट.

एका सहकाऱ्याने विचारलं, 'डीपीकेजी --गेट-सिलेक्शन्स'ची यादी काढून नव्या मशीनवर ओतली तर? चालतं, पण सगळंच मॅन्युअल होऊन बसतं. जी माहिती आपल्याला हवी आहे तीच पुसली जाते.

४ सप्टेंबर

विश्लेषण आणि साठवणीच्या मशीन्सच्या याद्या काढल्या. चाळणी उद्या-परवा.

८ सप्टेंबर

पहिलं मेटापॅकेज (गटाचं पॅकेज) बांधलं. इक्विव्ह्ज हे साधन यासाठी पुरेसं आहे: 'इक्विव्ह्ज-कंट्रोल' नमुना फाईल देतं, ती भरायची, 'इक्विव्ह्ज-बिल्ड' डेब (डेबियन पॅकेजची) फाईल काढून देतं. आत एकही उपयोगाचा प्रोग्रॅम नाही, फक्त डिपेंडन्सीज आणि वर्णन.

वर्णनाच्या रकान्यात प्रत्येक पॅकेजपुढे एक वाक्य कारण लिहायचं, हा नियम आजपासून. 'ॲप्ट शो' केलं की ते मशीनवरच वाचता येतं, वेगळा कागद शोधायला नको.

खरा विचार लागला तो डिपेंड्स (सक्तीची गरज) की रेकमेंड्स (शिफारस) यावर. डिपेंड्समधलं एक जरी पॅकेज कोणी काढलं तर मेटापॅकेजही त्याबरोबर जातं. व्हर्च्युअल मशीनवर करून बघितलं: बांधणी गटातला स्ट्रेस (मशीनवर मुद्दाम भार टाकून बघणारा प्रोग्रॅम) काढायला सांगितलं. ॲप्टने दोन नावं दाखवली, स्ट्रेस आणि आपला गट. 'हो' म्हटलं. लगेच काही बिघडलं नाही. पण पुढे 'ऑटोरिमूव्ह --ड्राय-रन' (कोणालाच न लागणारं काय झाडलं जाईल ते नुसतं दाखवणारी कमांड) केलं तर कंपायलर, डीबगर, हेडर फाईली, सगळे रांगेत. गट गेला म्हणजे त्यांना धरून ठेवणारा कोणी उरला नाही, हा हिशेब बरोबरच आहे. पण स्ट्रेस काढणाऱ्याच्या मनात कंपायलर काढणं मुळीच नव्हतं.

रेकमेंड्स केलं तर एक पॅकेज काढूनही गट टिकतो. वर असं की ज्याची शिफारस आधीच्या आवृत्तीतही होती आणि जे कोणी मुद्दाम काढलं, ते गटाची पुढची आवृत्ती आली तरी ॲप्ट परत लादत नाही. नव्याने घातलेली शिफारस मात्र येते. माणसाने केलेल्या निवडीचा मान राखणारी ही पद्धत मला फार आवडते.

तर नियम: ज्याच्याविना मशीन ती भूमिका पार पाडूच शकत नाही ते डिपेंड्समध्ये, बाकी सगळं रेकमेंड्समध्ये. बांधणी गटात डिपेंड्सची यादी अगदी आखूड झाली.

९ सप्टेंबर

कालच्या प्रयोगाचा दुसरा भाग. तोच गट, फक्त कंट्रोल फाईलमधला 'सेक्शन' नमुन्यातल्या 'मिस्क'ऐवजी 'मेटापॅकेजेस' केला. परत स्ट्रेस काढला, गट गेला, आणि या वेळी ऑटोरिमूव्हच्या रांगेत कंपायलर नाही. ॲप्टच्या ऑटोरिमूव्हच्या कॉन्फिगरेशनमध्ये या सेक्शनला वेगळी वागणूक आहे: मेटापॅकेज गेलं तरी त्याच्या थेट डिपेंडन्सीज झाडून टाकायच्या नाहीत, त्यांना मॅन्युअल मानायचं.

सुरक्षित वाटतं, पण गट मुद्दाम काढला तेव्हाही सगळं मागे राहतं. म्हणून दोन्ही वापरायचे. पाया, बांधणी, साठवण कायमचे आहेत, ते 'मेटापॅकेजेस'मध्ये. एखाद्या कामापुरते उभे केलेले गट 'मिस्क'मध्ये, म्हणजे काम संपलं की गट काढायचा, ऑटोरिमूव्ह चालवायचं आणि मशीन साफ. विश्लेषण गट कुठे घालायचा हे अजून ठरत नाही. तिथली साधनं वरचेवर बदलतात.

या सेक्शनचा आणखी एक फायदा हाती लागला. 'ॲप्ट-मार्क मिनिमाइझ-मॅन्युअल' नावाची कमांड आहे. मेटापॅकेजच्या डिपेंडन्सीज, आणि त्यांच्याही डिपेंडन्सीज, ती एका फटक्यात ऑटो करते. तिच्या मॅन पेजमध्ये तर स्पष्टच म्हटलंय की मेटापॅकेजवर चालवलेल्या मशीन्सवर ती नियमित चालवता येईल. पाया गट टाकून ही कमांड दिली, आणि शोमॅन्युअलची ती लांबलचक यादी एका स्क्रीनवर मावली. उरलेली नावं म्हणजे खरोखर कोणीतरी मागितलेली. प्रत्येकाला विचारता येईल इतकीच.

११ सप्टेंबर

साठवणीची मशीन्स. इथे एमडीॲडमिन (एकत्र जोडलेल्या डिस्क सांभाळणारं साधन) आहे आणि त्याच्याबरोबर एक मेल सर्व्हरही चालू आहे. कोणी मागितला? कोणीच नाही. एमडीॲडमिन डिस्क बिघडली की मेल पाठवतं, म्हणून ते 'डिफॉल्ट-एमटीए किंवा मेल-ट्रान्स्पोर्ट-एजंट' अशी शिफारस करतं. मेल-ट्रान्स्पोर्ट-एजंट हे खरं पॅकेज नाही, व्हर्च्युअल आहे. एक्झिम, पोस्टफिक्स असे बरेच मेल सर्व्हर 'आम्ही ते पुरवतो' असं प्रोव्हाइड्समध्ये सांगतात. कोणीच हजर नसेल तर ॲप्ट 'किंवा'च्या डावीकडचं घेतं, आणि डेबियनवर डिफॉल्ट-एमटीए म्हणजे एक्झिम.

मशीनवरून बाहेर मेल पाठवण्यापुरता हलका प्रोग्रॅम आपल्याला पुरतो. साठवण गटाच्या डिपेंड्समध्ये तो नावानिशी घातला. त्याने मेल-ट्रान्स्पोर्ट-एजंट पुरवलं की एक्झिमची गरज उरत नाही. डिस्क बिघडल्याची खबर मिळणं हे साठवणीच्या मशीनचं मूळ काम आहे, ते शिफारशीवर सोडलेलं मला चालणार नाही.

यावरून जुना वाद निघाला: सगळीकडे 'नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स' (शिफारशी न आणण्याचा पर्याय) का लावत नाही? कंटेनरमध्ये लोक लावतातच. मला ते पटत नाही. वेबवरून फाईली आणणाऱ्या कर्लची लायब्ररी, लिबकर्ल, सीए-सर्टिफिकेट्सची (साइटची ओळख तपासायला लागणाऱ्या प्रमाणपत्रांची) फक्त शिफारस करते. शिफारशी बंद करून कर्ल टाकलं तर ते चालतं, पण एचटीटीपीएसच्या पहिल्याच पत्त्याला प्रमाणपत्र तपासता येत नाही म्हणून अडतं. मग कोणीतरी घाईत तपासणीच बंद करणारा पर्याय वापरतं, आणि तो स्क्रिप्टमध्ये कायमचा राहतो. थोडीशी जागा वाचवण्यासाठी ही किंमत फार आहे. शिफारशी चालू ठेवायच्या, नको असेल ते नाव घेऊन नाकारायचं.

नाकारण्यासाठी पिनिंग (पॅकेजला ठरावीक प्रायॉरिटी देणं). प्रेफरन्सेसमध्ये एक्झिमला उणे प्रायॉरिटी दिली की कोणत्याही वाटेने ते येत नाही. गटात कॉन्फ्लिक्ट्स ('याच्याबरोबर राहणार नाही') लिहूनही भागलं असतं, पण गटाने दुसऱ्या पॅकेजला हाकलणं हे मला जास्त कडक वाटतं.

१६ सप्टेंबर

गट सगळ्या मशीन्सवर पोचवण्यासाठी छोटी रिपॉझिटरी (पॅकेजेसचं भांडार) उभी केली, रेपरेप्रो या साधनावर, सही केलेली. डेब फाईल कॉपी करून टाकता आली असती. तसं का करायचं नाही ते लिहून ठेवतो. कोणत्याही रिपॉझिटरीत न सापडणारं पॅकेज ॲप्टच्या दृष्टीने 'ऑब्सोलीट' असतं. डेबियनच्या अपग्रेडच्या सूचनांमध्ये शेवटी अशी पॅकेजेस शोधून साफ करायला सांगितलेलं आहे, आणि ते योग्यच आहे. फक्त आपले गट त्या यादीत असायला नकोत.

चाचणीत बघितलं की गटात नवी डिपेंडन्सी घालून आवृत्ती वाढवली तर 'ॲप्ट-गेट अपग्रेड' गटाला मागे ठेवतं: 'केप्ट बॅक'. ही कमांड नवं पॅकेज कधीच आणत नाही, असलेलीच पुढे नेते. नुसत्या 'ॲप्ट अपग्रेड'ला नवी पॅकेजेस आणायची मुभा आहे. आपली जुनी रात्रीची स्क्रिप्ट ॲप्ट-गेटवर होती. तिच्यात 'विथ-न्यू-पॅकेजेस'चा पर्याय घातला. आपोआप अपडेट करणाऱ्या अनअटेंडेड-अपग्रेड्सला आपल्या रिपॉझिटरीचं ओरिजिन (ओळखीचं नाव) परवानगीच्या यादीत हवं, तेही घातलं. हे दोन्ही नसतं तर गटाची नवी आवृत्ती रिपॉझिटरीतच पडून राहिली असती.

१८ सप्टेंबर

फेडोरा. इथे गट मुळातच आहेत. रिपॉझिटरीच्या कॉम्प्स फाईलमध्ये गटाचे सभासद लिहिलेले असतात: मॅन्डेटरी, डिफॉल्ट, ऑप्शनल, कंडिशनल. फेडोराचा पॅकेज मॅनेजर डीएनएफ; 'डीएनएफ ग्रुप इन्स्टॉल'ने पहिले दोन येतात.

पण हा गट म्हणजे पॅकेज नव्हे. त्याला आवृत्ती नाही, आणि कोणी त्याच्यावर अवलंबून राहू शकत नाही. सभासद काढला तरी गट तसाच, ही सोय. उलट गटात नवा सभासद आला तर नेहमीच्या अपग्रेडने तो मिळेल असं धरून चालता येत नाही, 'ग्रुप अपग्रेड' वेगळं द्यावं लागतं. आर्च लिनक्सने याच प्रश्नावर ऑक्टोबर २०१९ मध्ये निर्णय घेतला होता: बेस हा गट मोडून बेस नावाचं मेटापॅकेज केलं. गटात घातलेलं नवं पॅकेज जुन्या मशीन्सवर आपोआप जात नव्हतं, मेटापॅकेजने ते जायला लागलं. आपलीही गरज तीच आहे, म्हणून फेडोरावरही मेटापॅकेजच.

स्पेक फाईल (फेडोराचं पॅकेज कसं बांधायचं ते सांगणारी) छोटीशी: नोआर्च (कोणत्याही प्रोसेसरसाठी), रिक्वायर्स (इथलं डिपेंड्स), रेकमेंड्स, आणि शेवटी रिकामा फाईल्स विभाग. तो विभाग रिकामा का होईना पण लिहावाच लागतो. नसेल तर पॅकेज बांधणारं आरपीएम बायनरी पॅकेज काढतच नाही आणि चूकही दाखवत नाही. ज्याला हे माहीत नाही त्याचा अर्धा दिवस यात जाऊ शकतो.

एक फरक सगळ्यांनी ध्यानात ठेवायचा. डेबियनवर काढणं आणि झाडणं ही दोन वेगळी कामं आहेत, मध्ये विचाराला वेळ मिळतो. डीएनएफ मात्र पॅकेज काढतानाच आता नको असलेल्या डिपेंडन्सीजही काढतं, तसा पर्याय मुळातच चालू असतो. त्यामुळे स्ट्रेसचा प्रयोग इथे केला तर कंपायलर त्याच व्यवहारात गेला असता. प्रोटेक्टेड-डी या डिरेक्टरीत फाईल ठेवून पाया आणि बांधणी गटांना संरक्षण दिलं; आता ते काढायला सांगितलं तर डीएनएफ नकार देतं.

२३ सप्टेंबर

बाहेरच्या एका रिपॉझिटरीचा उपद्रव सापडला. विश्लेषणाच्या मशीन्सवर एका उत्पादकाची रिपॉझिटरी जोडलेली आहे, एकाच साधनासाठी. पण तिच्यात काही सर्वसामान्य लायब्ररीही आहेत, डेबियनपेक्षा वरच्या आवृत्तीच्या. दोन्हींची प्रायॉरिटी मुळात ५००, आणि बरोबरी झाली की वरची आवृत्ती जिंकते. त्या लायब्ररी आमच्या नकळत बदलल्या गेल्या होत्या, आणि 'ॲप्ट-कॅश पॉलिसी'त ते स्पष्ट दिसत होतं.

उपाय: त्या पूर्ण रिपॉझिटरीला १०० आणि फक्त त्या एका साधनाला ५००. बदललेल्या लायब्ररी मागे आणण्यासाठी डेबियनच्या आवृत्तीला तात्पुरती १००१ द्यावी लागली, कारण प्रायॉरिटी हजाराच्या आत असेल तोवर ॲप्ट खालच्या आवृत्तीवर उतरत नाही. उतरल्यावर तो नियम काढून टाकला. तो राहिला तर पुढे सुरक्षेच्या अपडेटवरसुद्धा भलता परिणाम होऊ शकतो.

ही पिनची फाईल विश्लेषण गटाबरोबरच जायला हवी. इक्विव्ह्जच्या कंट्रोल फाईलमध्ये 'फाईल्स' हा रकाना आहे, त्यात घातली.

३० सप्टेंबर

पहिलं मशीन १३ वर नेलं, बांधणीचं.

आधी 'ॲप्ट अपग्रेड --विदाउट-न्यू-पॅकेजेस', मग 'फुल-अपग्रेड'. पहिल्या टप्प्यात पुष्कळ पॅकेजेस मागे थांबली, आणि ते अपेक्षितच होतं. १३ मध्ये ६४-बिट टाइम-टीचा (वेळ साठवण्याच्या प्रकाराचा) मोठा बदल आहे. १९ जानेवारी २०३८ ला ३२-बिट सेकंदमोजणी संपते, म्हणून वेळ ६४ बिटांत ठेवायची. त्यासाठी शेकडो लायब्ररींची नावं बदलली, शेवटी टी६४ लागलं: लिबएसएसएल३ची लिबएसएसएल३टी६४ झाली. एएमडी६४वर (नेहमीच्या ६४-बिट पीसींवर) वेळ आधीपासूनच ६४ बिटांची, पण नावं तिथेही बदलली. नवं नाव म्हणजे नवं पॅकेज, आणि नवं पॅकेज पहिल्या टप्प्यात येत नाही.

दुसऱ्या टप्प्यात डिपेंडन्सीजची यंत्रणा काय करते ते मी मुद्दाम एकेक ओळ बघत होतो. टी६४ पॅकेज जुन्या नावाला ब्रेक्स आणि रिप्लेसेस लावतं, म्हणजे जुनं जातं आणि त्याच्या फाईली नव्याकडे येतात. शिवाय एएमडी६४वर ते जुनं नाव आवृत्तीसकट प्रोव्हाइड्समध्ये देतं. आपल्याकडे एका उत्पादकाची डेब फाईल आहे, तिच्या डिपेंड्समध्ये अजून 'लिबएसएसएल३, किमान ३.०.०' असं आहे. ती जागची हलली नाही आणि नीट चालते. ३२-बिट आर्मवर असं चाललं नसतं. तिथे आतली रचना खरोखर बदलली, म्हणून जुनं नाव पुरवलंच जात नाही. हजारो पॅकेजेस एका वेळी हलतात आणि वर चालणारे प्रोग्रॅम पडत नाहीत, यामागे किती लोकांनी किती बारकाईने ही नाती लिहिली आहेत हे असं जवळून पाहिलं की कळतं.

महिन्याच्या सुरुवातीला लायब्ररींवरचे मॅन्युअल शेरे काढले त्याचं चीज झालं. अपग्रेडनंतर 'ऑटोरिमूव्ह'ने जुन्या लायब्ररी बरोबर ओळखल्या. ऑब्सोलीटच्या यादीत फक्त ती उत्पादकाची डेब उरली, तिचं कारण आपल्याला माहीत आहे.

ऑटोरिमूव्हबद्दल एक नोंद: कोणीतरी फक्त 'सजेस्ट' केलेलं पॅकेजही ॲप्ट झाडत नाही, तसं मुळातच ठरवलेलं आहे. जुनी कागदपत्रांची पॅकेजेस राहिली होती ती यामुळे. पर्याय बदलता येतो, पण आपण बदलायचा नाही असं ठरलं.

२ ऑक्टोबर

बांधणीची उरलेली मशीन्स १३ वर. सांगण्यासारखं काही नाही.

७ ऑक्टोबर

विश्लेषण गटाचा निर्णय झाला: त्याचे दोन भाग. जो सगळ्यांना लागतो तो कायमचा भाग 'मेटापॅकेजेस'मध्ये, आणि प्रत्येक कामाचा वेगळा गट 'मिस्क'मध्ये, जो कायमच्या भागावर डिपेंड्स करेल. गटाने गटावर अवलंबून राहणं कॉम्प्समध्ये जमलं नसतं. मेटापॅकेज निवडल्यामुळे ते सहज झालं.

पहिला कामापुरता गट आजच संपला म्हणून काढून बघितला. ऑटोरिमूव्हने त्याचीच साधनं उचलली. एक पॅकेज मागे राहिलं. 'ॲप्टिट्यूड व्हाय'ने सांगितलं की ते आता दुसऱ्या कामाच्या गटालाही हवं आहे, आणि त्या गटाच्या वर्णनात त्याच्यापुढे कारणही लिहिलेलं आहे.

बाकी: साठवणीची मशीन्स १३ वर न्यायची. त्याआधी एमडीॲडमिनकडून चाचणीची मेल खरोखर पोचते का ते प्रत्येक मशीनवर बघायचं. मॉनिटरिंगमध्ये 'केप्ट बॅक' झालेल्या गटांची तपासणी घालायची. फेडोराच्या मशीन्सवर 'डीएनएफ रेपोक्वेरी --यूजरइन्स्टॉल्ड'ची चाळणी अर्धी झाली आहे; उरलेल्या नावांची कारणं ज्यांना ठाऊक आहेत त्यांनी शुक्रवारपर्यंत गटाच्या फाईलमध्येच लिहावीत.